लिंक आठपैकी आठ

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावास्या.
लिंक: ८/८, ओके.

आजपासून डायरी. गावी परत आल्यापासून लाईफमध्ये शिस्त उरलेली नाही. सयाजी सरांनी पॅराग्लायडिंगच्या कोर्सच्या शेवटच्या दिवशी सगळ्यांना बजावलं होतं की उडण्याआधी दर वेळी, दर लिंक डोळ्यांनी बघायची, बोटांनी फिरवून बघायची, पान्याने पाव फेरा आवळायची आणि मगच वहीत नोंद करायची. म्हणून दर पानाच्या डोक्यावर ही एक ओळ.

वेळ वाचावा म्हणून ती ओळ आजच ३१ ऑक्टोबरपर्यंतच्या सगळ्या पानांवर लिहून टाकली. अक्षर सुबक आलंय. आता रोज फक्त चेक करायचं तेवढं बाकी.

लिंक म्हणजे पॅराग्लायडरच्या दोऱ्यांचे जुडगे आणि आपल्या सीटचे पट्टे जोडणारी अंगठ्याएवढी लोखंडी कडी. डावीकडे चार, उजवीकडे चार. कडीला तोंड, तोंडावर फिरणारा नट. नट पूर्ण बसला तर माणूस हवेत. नाही बसला तरी हवेतच, पण थोडा वेळ. (हे मला पाठ आहे. तरी लिहिलं, कारण अक्षर चांगलं येतंय.)

प्लॅन: दसऱ्याला कोंडाजीच्या माळावरून उडायचं, खाली सावित्रीकाठच्या मोकळ्या रानात उतरायचं. हवेतून सीमोल्लंघन! पोलादपूर तालुक्यात असं कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पुढच्या सीटवर आमची मुलगी सेजल.

आज चेक राहिलं. अमावास्येला नवीन काम नको, असं रखमाचं म्हणणं. माझा विश्वास नाही, पण बायकोचं मन मोडू नये.

२३ सप्टेंबर, मंगळवार.
लिंक: ८/८, ओके.

सयाजी सरांना फोन केला. दोन सीटचं ग्लायडर घेतलं, सेकंडहँड, असं सांगितलं. ते म्हणाले की चार दिवसांच्या कोर्सवर माणसाने एकट्यानेसुद्धा डोंगरावरून उडायचं नसतं, आणि तुम्ही माणूस पुढे बसवणार? लिंकांचे फोटो पाठवायला सांगितले. आटे झिजलेत का, नट सैल आहेत का, ते बघतो म्हणाले.

कॉम्पिटिशनची भीती. दुसरं काय.

फोटो काढायला गेलो. डायरीत खरं लिहावं: लिंकांवर गंज आहे. पावसाळाभर किट गोठ्याच्या माळ्यावर होतं. डावीकडच्या दोन नटांत थोडा खुळखुळा वाटला. हवामानाचा परिणाम असावा. फोटो धूसर आले म्हणून पाठवले नाहीत.

२५ सप्टेंबर, गुरुवार.
लिंक: ८/८, ओके.

आपल्या वाडीच्या काशीबाई नवरात्रासाठी मुंबईहून आल्या. वीर स्टेशनवरून रिक्षाने. कुबडीसकट. रखमाने लगेच लिफ्टचा विषय काढला.

एकदाच लिहून टाकतो, म्हणजे संपेल. बावीस वर्षं मी लिफ्ट मेंटेनन्समध्ये होतो. एक तारखेला महिनाभराचं कार्ड सह्या करून भरून ठेवायचो. सगळेच ठेवायचे. त्या महिन्यात एकोणीस तारखेला काशीबाईंच्या बिल्डिंगची लिफ्ट त्यांना घेऊन दोन मजले खाली आली. चौकशीच्या साहेबांनी कार्ड हातात धरून विचारलं, वीस ते तीस तारखेच्या सह्या कुणी केल्या? एवढ्याशा गोष्टीचा केवढा बाऊ! लिफ्ट दोरामुळे पडली, सहीमुळे नाही. नोकरी मी स्वतःहून सोडली. पत्र त्यांनी दिलं, पण सोडली मी.

रखमा म्हणाली, ती बाय अजून कुबडीवर चालते. मी म्हणालो, चालते ना.

रखमाला चेकिंगचं वेडच आहे. संध्याकाळी गाय बांधली की साखळीचा आकडा दोनदा ओढून बघते. रोज. बारा वर्षांत गाय एकदाही सुटलेली नाही. मग रोज बघायचं कशाला?

उद्या पहाटे उठून पूर्ण चेक. पक्कं.

२६ सप्टेंबर, शुक्रवार.
लिंक: ८/८, ओके.

पहाटे पाऊस. झोप चांगली लागली.

२८ सप्टेंबर, रविवार.
लिंक: ८/८, ओके.

तीन दिवस पाऊस थांबायचं नाव नाही. तरी महाडहून बॅनर आला. माझा फोटो मोठा, सेजलचा खाली गोलात. पावसात मंदिरासमोर लावला.

सेजल कॉलेजातून सुट्टीवर आली. हॉस्टेलच्या मैत्रिणींना सांगून आली आहे. कुणीतरी तिला विचारलं म्हणे, भीती नाही वाटत? तिने सांगितलं, पप्पा मुंबईत बावीस वर्षं सेफ्टीतच होते. लिफ्टचं तिला कुणी सांगितलेलं नाही. आमच्या घरात तेवढं एक गुपित टिकलं.

तिने विचारलं, सगळं तपासलंत ना? मी डायरी दाखवली. फक्त वरच्या ओळी, खालचं हाताने झाकून. खूश झाली पोरगी. मलाही बरं वाटलं. मग रात्री दोनदा उठलो, डायरी उशीखाली सरकवली. घावन्यांचा परिणाम.

२९ सप्टेंबर, सोमवार.
लिंक: ८/८, ओके.

माळ बघून आलो. गवत ओलं, कड्याच्या टोकाला माती सुटलेली. कोंडाजी तिथेच गुरं घेऊन बसलेला. पंच्याहत्तरीचा माणूस, काहीही बोलतो. म्हणाला, मुरारी, दुपार कलली का इथला वारा पाठीतून मारतो रे, तवा घारपन या कड्यावर बसत नाय. गेल्या साली वासरू गेला हितून, असंही सांगितलं.

घारीने कोर्स केलेला नाही. हे मी बोललो नाही, फक्त हसलो. कोंडाजी हसला नाही.

३० सप्टेंबर, मंगळवार. अष्टमी.
लिंक: ८/८, ओके.

आज कामाला हात घातला! उद्या खंडेनवमी, हत्यारांची पूजा, तर ग्लायडरसुद्धा पूजेला लावायचं ठरवलं. गंजलेलं कसं लावणार? आठही लिंक सोडवल्या. रखमाने समयांसोबत चिंचेच्या पाण्यात टाकल्या आणि काथ्याने घासल्या. अशा लखलखल्या की विचारू नका. फोटो सयाजी सरांना पाठवला, खाली लिहिलं, न्यू लाईक.

त्यांचा लगेच फोन. चिंचेने गंज जातो, झीज कशी जाईल, असं ओरडले. नवीन लिंक टाकल्याशिवाय उडू नका, मी रविवारी स्वतः घेऊन येतो. रविवारी? बॅनरवर दसरा छापलाय.

डावीकडच्या नंबर दोन आणि तीनचे आटे जरा खाल्लेले दिसतात. पण चमक सगळ्यांची सारखी. बोटांनी परत बसवल्या. पान्याने उद्या आवळणार.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.
लिंक: ८/८, ओके.

सकाळी उठलो तर रखमाने पाट मांडलेला. कोयता, विळे, कुऱ्हाड, पहार, मधोमध माझं ग्लायडर. आणि शेजारी पाना. लिंकांचा तो एकच पाना, तोही पूजेत.

पूजेला लावलेलं हत्यार दुसऱ्या दिवशीपर्यंत हलवायचं नाही, ही आपली पूर्वापार पद्धत. मी मॉडर्न आहे, पण वर्षातून एक दिवस कोयत्याला विश्रांती आणि मी पाना ओढून काढायचा, हे बरं दिसत नाही.

एकेका लिंकला स्वतः ओलं कुंकू लावलं. अक्षता तर मूठ भरून टाकल्या, हात आखडता घेतला नाही. म्हणजे एका अर्थी आठही लिंकना आज माझा हात लागला. डोळ्यांनी बघितलं, बोट लावलं. यालाच चेक म्हणतात.

रखमा हात जोडून बराच वेळ उभी होती. नंतर म्हणाली, मला उडवा, पन पोरीला नाय न्यायची. मी समजावलं की तुझं वजन जास्त भरेल.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. दुपारी २.१०, माळावर.
लिंक: ८/८, ओके.

तीसेक माणसं जमली आहेत. काशीबाई पुढे, खडकावर बसल्यात, कुबडी मांडीवर. रखमा आलेली नाही. गाईला वैरण घालायची आहे म्हणाली.

सकाळी नारळ, औक्षण, आपट्याची पानं यात वेळ गेला. पाना पिशवीत आहे. आत्ता काढला तर लोकांना वाटेल काहीतरी बिघाड आहे. पब्लिकचा कॉन्फिडन्स महत्त्वाचा. आकाशात एकही घार नाही. म्हणजे रस्ता मोकळा.

सेजल हेल्मेट घालून आली. लहान दिसते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार. महाड, हॉस्पिटल.
लिंक: ८/८, ओके.

उजवा घोटा मोडला. प्लास्टर. डॉक्टरांनी विचारलं, कशावरून पडलात? पडलो नाही म्हणालो.

जसं झालं तसं लिहितो. पट्टे लावायच्या आधी सेजलने एकेक लिंक हातात धरली आणि दोनदा ओढली. आई गाईची साखळी ओढते तशी. डावीकडच्या तिसऱ्या लिंकचा नट तिच्या दोन बोटांत फिरला. आतून कुंकू लागलेला अक्षतेचा दाणा पडला. आट्यात बसला होता, म्हणून नट घट्ट लागत होता. तिने दाणा माझ्या तळहातावर ठेवला आणि पाना मागितला.

मी म्हणालो, वारा जातोय, अर्ध्या फेऱ्याने काय होतंय. ती बाजूला जाऊन उभी राहिली. तीस माणसं बघत होती. मी हसलो, तो नट बोटांनी आवळला आणि जाहीर केलं की आधी एकटाच ग्लायडरचं कापडी छत वाऱ्यावर उभं करून दाखवतो. उडणार नव्हतोच. नुसतं दाखवायचं होतं. कडा पंचवीस पावलांवर होता.

छत उभं राहिलं. फार सुंदर. मग वारा पाठीतून आला आणि डावीकडची लिंक सुटली. ती तिसरी नाही, तिच्या शेजारची दुसरी. तिला मी माळावर हातही लावला नव्हता. तिच्या जुडग्यातल्या सगळ्या दोऱ्या मोकळ्या झाल्या, छत फिरलं आणि मला फरफटत कड्याकडे घेऊन गेलं. करवंदीच्या जाळीत अडकलो. सेजल आणि कोंडाजीने छतावर अंग टाकलं तेव्हा थांबलं. कडा सहा पावलं. कोंडाजीने नंतर मोजली.

पुढची सीट माझ्या पुढ्यात, पट्ट्यांना तशीच लटकत होती. रिकामी. अख्ख्या वाटेत खडकावर ती घासली. तिचं एका बाजूचं कापड उरलेलं नाही.

लोकांच्या हातात आपट्याची पानं होती, ती कुणी दिली नाहीत, कुणी घेतली नाहीत. उतरायची वेळ झाली तेव्हा काशीबाईंनी कुबडी पुढे केली. घे रे मुरारी म्हणाल्या, उतार हाय, मी पोरीचा खांदा धरीन. तर मी त्या कुबडीवर माळ उतरलो. रखमा गोठ्याच्या दारात होती. तिने आधी सेजलच्या हातापायांवरून हात फिरवला, मग माझ्याकडे बघितलं.

डायरी पिशवीत राहिली होती. सेजलने वाचली. सगळी. लिफ्टसकट. आज सकाळी आणून दिली तेव्हा आजचं पान उघडंच होतं. वरच्या ओळीवर बोट ठेवून तिने विचारलं, पप्पा, हे कधी लिहिलंत?

अमावास्येला लिहिलं. उद्याच्या पानावरही आहे. परवाच्याही. काल पुढच्या सीटवर ती असती, तरी आज हे पान असंच असतं, याच अक्षरात. काशीबाईंच्या लिफ्टच्या कार्डावर वीस तारखेची सही होती तसंच. मला रडू आलं. तिच्यासमोर आलं.

ओळ खोडायला गेलो तर तिने हात धरला. नको, राहू दे म्हणाली.