नव्वद किलोमीटरवरचं बातमीपत्र

७ मार्च, शनिवार

— पाइप निम्मा उभा, मी शिडीवर, आणि खालून अर्चना म्हणते, "पोरीला एक फोन करायचा, तर हे गृहस्थ वीस फुटांचा खांब रोवतात."

बायकोला बोलायला काय जातं. माझे दोन्ही हात पाइपवर होते.

मुलगी मेघाली सोळा तारखेपासून टीव्हीवर संध्याकाळी सातचं बातमीपत्र वाचणार. अर्चनाशी ती रोज बोलते. माझ्याशी दोन वर्षं नाही. इथली पक्की नोकरी सोडून मुंबईला निघाली तेव्हा दारात मी म्हणालो होतो, "भाषेवर पोट भरत नाही. मी पाहिलंय भरून." खोटं होतं ते. मराठीत एम. ए. केलं आणि सरळ कारखान्याच्या स्टोअरमध्ये जाऊन बसलो. भरून पाहिलंच नाही.

ती गेली त्याच महिन्यात डिशही मीच बंद करायला लावली. आता सुरू करा म्हणणं म्हणजे कबुली. अर्चनाच्या फोनवर पाहिलं तर पाच मिनिटांत मुंबईला कळेल. अँटेनाचं बरं. हवेत आहे ते घेतो, कोणाला सांगत नाही.

८ मार्च

अँटेनाचं तोंड दक्षिणेला, हे नक्की केलं. आमची घिवली ते मुंबईचा प्रक्षेपणाचा मनोरा, सरळ रेषेत नव्वद किलोमीटर. बरीचशी वाट पाण्यावरून. मध्ये डोंगर नाही. जमणार.

९ मार्च, सोमवार

बोईसरला मनीषच्या टीव्हीच्या दुकानात अँटेना मागितला. "काका, हे आता कोण घेतं? माळ्यावर चढावं लागेल," म्हणाला. चढला.

दोन निघाले. एक पसरट, जाळीचा. दुसरा लांब दांड्याचा, चोवीस काड्यांचा. दुसऱ्याची पकड जास्त, नजर अरुंद. एकाच दिशेला बघतो. मला तरी दुसरीकडे कुठे बघायचंय? लांब घेतला.

सिग्नल वाढवणारा बूस्टर त्यानेच माझ्या गळ्यात मारला. "वर खांबावर बसवा, टीव्हीपाशी नको. वायरमधून उतरता उतरता सिग्नल निम्मा होतो. मग उरलेलं वाढवून काय उपयोग?" बरोबर आहे. मनीष दहावी नापास, स्वतःच सांगतो. माझ्या हाताखाली असता तर मी त्याला वर चढवला असता. माळ्यावर नव्हे, हुद्द्याने.

११ मार्च, बुधवार

वारा नाही. पान हलत नव्हतं. सहाच्या सुमारास, बूस्टर पिशवीतच ठेवून, नुसता अँटेना जोडून पाहिला.

चित्र आलं. सिग्नलची गुणवत्ता ब्याण्णव टक्के. पूर्वी पडद्यावरच्या मुंग्यांतून माणूस ओळखावा लागे. आता चित्र येतं किंवा येत नाही. आलं!

शेजारची रत्नाबाई वाळलेले बोंबील गोळा करत होती. ती मला मास्तर म्हणते. मी कधीच नव्हतो.

"मास्तर, दर्यावर बगलं का? बोटी पाण्याच्या वर उचलल्यात. केलव्याचा किनारा हाताशी आलाय. अशी हवा दोन-चार दिस. वारा फिरला का सगला लांब, टीव्ही पण."

बोटींचा आणि टीव्हीचा काय संबंध, मी विचारलं.

"आमचा म्हातारा होडीवर रेडिओ न्यायचा. अशा हवेत गुजरातची गाणी लागायची. दुसऱ्या दिशी नुसती खरखर."

"तो जुना रेडिओ होता," मी म्हणालो.

"म्हातारा पण जुनाच होता. पण त्याला हवा कलायची."

सातला बातमीपत्र पाहिलं. दुसरी कोणी बाई वाचत होती. ठीक वाचते. एकदाही अडकलं नाही.

१२ मार्च

पुन्हा ब्याण्णव. बूस्टर नको. पाइपचा वरचा पाच फुटांचा तुकडाही काढला, कमी डुलेल. तीस वर्षं स्टोअरमध्ये हेच केलं — न लागणारा माल ठेवायचा नाही.

बूस्टर परत नेला. मनीष म्हणाला, "ठेवा काका. आठवडाभर तरी बघा."

दोन दिवस बघितलं, म्हणालो.

१४ मार्च

पंच्याऐंशी. पुरे आहे.

१५ मार्च, रविवार

अर्चनाने विचारलं, "उद्या मी बसले तुमच्याबरोबर तर चालेल?" मी दुसरी खुर्ची आणून ठेवली.

१६ मार्च, सोमवार

दुपारी वारा फिरला. समुद्र पांढरा झाला. केळव्याचा किनारा दिसेना. तरी मी सात वाजायची वाट पाहत राहिलो. मनीषकडे जायला तीन तास हातात होते. गेलो नाही.

सात. मेघालीचा चेहरा, निळी साडी, 'नमस्कार'साठी उघडलेलं तोंड. तिथेच थांबली. मग चेहऱ्याचे चौकोन झाले. मग काळा पडदा.

शिडीवर चढलो. पाइप बोटभर इकडे, बोटभर तिकडे. खिडकीतून अर्चना सांगत होती, "आली... गेली... आली का? नाही, गेली." साडेसातपर्यंत हेच. शेवटी ती नुसती "नाही" म्हणत होती.

उतरलो तेव्हा रत्नाबाई कुंपणाशी उभी.

"दिसली काय पोर?"

"नाही."

"मग फोन कर ना, मेल्या मास्तर. तिथं वारा लागत नाय."

अर्चना म्हणाली, नंतर फोनवर बातमीपत्र पूर्ण मिळतं, लावू का. नको म्हणालो. जेवलो नाही.

१७ मार्च, मंगळवार

सकाळी सातला मेघालीला फोन केला. म्हणालो, काल तू दिसली नाहीस, चूक माझी. आणि दारात बोललो ते खोटं होतं. मग कागदाचा आवाज आला, आणि तिने कालचं बातमीपत्र पहिल्या बातमीपासून शेवटच्यापर्यंत मला वाचून दाखवलं.