मावळतीचा नेम

मुलुंड,
ता. २३ नोव्हेंबर १९५८

चिरंजीव बाळ यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. मालनचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. ज्येष्ठमध मात्र बंद करू नकोस, राजूरची थंडी वाईट. इकडे श्रीकृपेने सर्व ठीक. नीलाची सहामाही झाली, गणितात कशीबशी तरली.

आमच्या घराचं सध्या गोदाम झालं आहे. नाताळच्या सुट्टीत तुझ्याकडे यायचं पक्कं ठरलं, हे तुला यांनी कळवलंच असेल. रतनगडापासून हरिश्चंद्रगडापर्यंत पाठीवर बिऱ्हाड घेऊन चालायचं, आणि मधे एक दिवस मुद्दाम वाट सोडून, माणसांची पायवाट नाही अशा डोंगरधारेवरून हिंडायचं. अवघड काही नाही म्हणतात, गवताचे उतार आहेत, दोर लागत नाही. यांच्या ऑफिसातले मार्तंडराव दर रविवारी सकाळी वाकोल्याहून येतात आणि दोघे जमिनीवर नकाशा पसरून पालथे पडतात. ड्राफ्ट्समन माणसाच्या हाती नकाशा लागला की जेवायला दोनदा हाका माराव्या लागतात. सवय व्हावी म्हणून पाठपिशवीत विटा भरून दोघे पवईपर्यंत चालत जातात. शेजारच्या क्षमाताई परवा म्हणाल्या, "काय हो, पवईला घर बांधायला काढलंत की काय?"

पिशवी मी जुन्या खाकी विजारीची शिवली आहे. शिधा म्हणून मेतकूट, भाजलेले पोहे, गूळ, दशम्या. तेल सांडतं, म्हणून लोणचं कोरडं करते.

तुला काही गोष्टी विचारायच्या आहेत. यांना सांगू नकोस, उगाच चिडतील. तिकडे डोंगराआड सूर्य लवकर जातो का? रतनवाडीहून वर जाणारी वाट कितपत रुंद आहे? दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकतील एवढी आहे का? रोजचा मुक्काम चांगला उजेड असताना गाठता येईल असं तू बघशील ना? गुहेत झोपायचं म्हणतात, तर गुहेच्या तोंडाशी पायऱ्या आहेत की उघडा कडा?

यांनी एक लांबलचक बॅटरी आणली आहे, पाच सेलची. अशा खर्चावर मी एरवी दोन दिवस कुरकुरले असते. या वेळी बोलले नाही.

रतनवाडीच्या अमृतेश्वराला माझा नमस्कार सांग. उत्तर लवकर धाड, आणि पाकीट माझ्या नावानं पाठव.

तुझी,
अक्का


मुलुंड,
ता. ७ डिसेंबर १९५८

चिरंजीव बाळ यास अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट तीनदा वाचलं. मी उजेडाचं विचारलं, तर तू लिहितोस, "अक्का, सूर्याचा एवढा हिशोब कशाला? दत्तजयंतीचा सुमार आहे, टिपूर चांदणं असणार. पाचनईहून गडावर रात्रीच चढू, मेहुणे खूश होतील." तेच मार्तंडरावांनाही कळवलंस! ते रविवारी आले ते नाचतच. "वहिनी, तुमचा भाऊ झकास माणूस आहे हो! चांदण्यात गड चढायचा!" मग यांच्या पाठीवर थाप मारून, "विद्या, अरे, आयुष्यभर सांगत फिरशील!"

हे हसले. मी पाहिलं ना, फक्त ओठ हसले.

बाळ, आता लिहिते ते वाचून झाल्यावर पत्र चुलीत घाल. मालनलासुद्धा सांगू नकोस. यांना दिवे लागले की दिसत नाही. गेल्या पावसाळ्याच्या आधीपासून. दिवसा सगळं स्वच्छ, तांदळातला खडा माझ्याआधी यांना सापडतो. पण ऊन मावळलं की डोळ्यांवर कोणीतरी घोंगडी टाकावी तसं होतं म्हणतात. परळला डोळ्यांच्या एका मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. मी बरोबर होते. डॉक्टर भले माणूस, पण खोटं बोलेनात. म्हणाले, आधी रात्र जाते, मग दोन्ही बाजू जातात, नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं राहतं. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

परतताना हे एवढंच म्हणाले, "ऑफिसात कळता कामा नये. ड्रॉइंग बोर्डावरून उठवतील." त्यानंतर या विषयावर आमच्यात शब्द नाही.

मी शब्दाशिवाय जे जमेल ते करते. गाजर रोज. शार्कच्या तेलाची बाटली आणली, देवघर असलेल्या घरात माशाचं तेल! ती न्हाणीघरात ठेवते, चमचा वेगळा. संध्याकाळी हे स्टेशनावरून येतात त्या वेळी मी पुलाशी भाजी घ्यायला उभी असते. लोकांना वाटतं, काय बाई नवऱ्याची हौस. गल्लीत आल्यावर मी पिशवीचा एक बंद त्यांच्या हातात देते, एक माझ्या. ओझं वाटून घेतल्यासारखं दिसतं. पिशवीत कधी कधी नुसती कोथिंबिरीची जुडी असते.

गेल्या रविवारी पवईहून परतायला या दोघांना उशीर झाला. हे गटारात पडले, गुडघा फुटला. मार्तंडराव चहा पिताना खदखदा हसत सांगत होते, "चढताना वाघ, आणि सपाटीवर म्हातारा! वहिनी, याला तूप घाला जरा." हे म्हणाले, "बुटाचा तळ गुळगुळीत झालाय रे." बुटाला नवा तळ मीच महिन्यापूर्वी लावून आणला होता. मी कपबश्या उचलल्या आणि आत गेले.

तू म्हणशील, मग जाऊच देऊ नकोस. तेवढं मला करवत नाही. एका दुपारी नकाशावर बोट फिरवत, माझ्याकडे न बघता हे म्हणाले, "दिसतंय तोवर एकदा सगळं नीट बघून येऊ दे." विवाहानंतर या माणसानं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट.

यांना वाटतं, बॅटरी आहे, निभेल. आपल्या घराच्या पायऱ्यांवर बॅटरी घेऊनही पाऊल चुकतं. तिथे तर कडे आहेत.

म्हणून तुझ्याकडे मागणं मागते. चांदण्यात चढायचं तू मोड. रात्री बिबट्या फिरतो म्हण, तुझा पाय मुरगळला म्हण, काहीही म्हण. तू मास्तर आहेस, तुझं ऐकतील. रामरक्षा म्हणते, पण मधेच ओळ विसरते अशी अवस्था आहे.

वाट बघते.

तुझी,
अक्का


मुलुंड,
ता. १७ डिसेंबर १९५८

चिरंजीव बाळ यास आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं. रागावले नाही. बिबट्याचं सांगितलं तर मार्तंडराव मुद्दाम रात्रीच निघतील, हे तुझं खरं. पाय मुरगळला म्हणालास तर तुला घरी ठेवून दोघेच जातील, हेही खरं. पण "मेहुण्यांनी मित्राला सरळ सांगून टाकावं" हे जे लिहिलंस ते तुला लिहायला सोपं आहे. मार्तंडराव मनाचे वाईट नाहीत. पण त्यांच्या पोटात गोष्ट राहत नाही. सोमवारी दुपारच्या डब्यापर्यंत सगळ्या ऑफिसला कळलं असतं.

रविवारी काय झालं ते ऐक. मी सोवळ्यात, पुरण वाटत होते. बाहेर दोघांचं चाललेलं. मार्तंडराव म्हणत होते, "पाचनईला जेवायचं, चंद्र वर आला की निघायचं, मध्यरात्री देवळात!" यांचं मग हळूच, "बघू." पुन्हा मार्तंडराव, "बघू काय बघू? घाबरलास काय रे?"

माझ्या तोंडून शब्द कसे निघाले मला माहीत नाही. दारात येऊन म्हणाले, "भावोजी, मीही येणार आहे."

मार्तंडराव म्हणाले, "वहिनी, तिथे पाठीवर सामान घेऊन चालायचं असतं."

"नीलाला पाठुंगळी घेऊन दोन वर्षं विहिरीचं पाणी ओढलंय मी. तुमच्या विटांपेक्षा ती जड होती."

"आणि हे लुगडं?"

"कासोट्याचंच आहे. तुमच्या विजारीपेक्षा चालायला बरं." मग मी श्वास घेतला आणि म्हणाले, "पण माझा एक नेम आहे. सूर्य मावळला की पाऊल उचलायचं नाही. असेन तिथे बसायचं, ते उजाडेपर्यंत."

"हा कसला नेम? कधी ऐकला नाही बुवा."

"तुमच्या वाकोल्यात पाळत नसतील."

मार्तंडराव यांच्याकडे वळले. "विद्या, काय रे हे? सांग ना जरा वहिनींना! चांदण्याची पार वाट लागली!"

हे नकाशावरून मान वर करीनात. मला वाटलं, आता माणूस उठून जाणार. मी त्यांच्या मित्रासमोर बोलले, त्यांच्या सहलीत घुसले, आणि कशासाठी ते त्यांना कळल्याशिवाय कसं राहील? मग त्यांनी पेन्सिल उचलली. रात्रीचा चढ खोडला, पाचनईला मुक्काम धरला, चढ दुसऱ्या सकाळचा केला. म्हणाले, "हिचा नेम मोडायचा नाही, मार्तंड. मुक्काम रोज उन्हात गाठायचे."

"बायकोचा गुलाम," मार्तंडराव म्हणाले, आणि पुरणपोळी खाऊन गेले. जाताना मला म्हणाले, "तुमच्या नेमापायी माझं चांदणं गेलं, वहिनी. निदान लाडू तरी न्या."

ते गेल्यावर यांनी विचारलं, "कधीपासून घेतलास हा नेम?"

"आजपासून."

"आणि उद्यापन कधी?"

"याला उद्यापन नाही."

ते उठून गडव्यातलं पाणी प्याले, माझ्या हातातला वरवंटा घेतला, आणि उरलेलं पुरण वाटून दिलं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

पण बाळ, मला स्वस्थता नव्हती. देवाच्या नावावर मी खोटं बोलले होते. देवघरासमोर बसले तर दत्तमहाराजांच्या तसबिरीकडे बघवेना. म्हणून सोमवारी डोक्यावरून न्हाले, उजव्या तळहातावर पाणी घेतलं आणि तो नेम खराच घेतला. आता मी खोटी नाही. पण बांधली गेले. संध्याकाळचं कीर्तन सुटलं, हळदीकुंकवं दुपारी उरकायची, आणि पुलाशी उभं राहायलाही जमणार नाही. त्यावर यांनीच तोड काढली. साहेबाला सांगून लवकर जायचं, लवकर सुटायचं. "घरी बायकोचं व्रत आहे" असं सांगितलं. साहेब हसला म्हणे आणि हो म्हणाला.

आता तुझ्याकडे जे काम आहे ते ऐक. मला भीती त्या वाट सोडून जायच्या दिवसाचीच आहे. रानात वाट चुकली, धारेवरच सूर्य गेला, तर मी तिथेच बसेन. हेही माझ्यासाठी बसतील. तू मार्तंडरावांना घेऊन खाली जायचं आणि उजाडल्यावर यायचं. थंडीनं मरत नाही कोणी, दोन घोंगड्या जास्त घेते आहे. काही झालं तरी त्या रात्री यांना उतरवायचं नाही, मार्तंडराव कितीही ओरडले तरी. एवढं वचन मला दे.

आणि दिवसा यांना पुढे चालू दे. वाट त्यांनाच शोधू दे. चुकले तरी लगेच टोकू नकोस. एखाद्या टोकावर थांबून खूप वेळ बघत बसले तर घाई करू नकोस, आणि मार्तंडरावांनाही गप्प बसव. मला ते डोंगर कसे आहेत याची फारशी उत्सुकता नाही, खरं सांगते. मी त्यांना बघताना बघणार आहे.

नीलाला घाटकोपरला जाऊबाईंकडे ठेवते. आम्ही बुधवारी दुपारी, उजेडात पोचतो. स्टँडवर ये.

भ्यालेली, पण निघालेली,
तुझी अक्का