यादीतलं चौदावं काम

तीर्थस्वरूप बाबांना,

जावयाचा साष्टांग नमस्कार. (या वेळी तो खराखुरा आहे. गेले तीन रविवार मी तुम्ही दिलेल्या गाडीपुढे निरनिराळ्या कोनांतून आडवा पडलेलो आहे.) तुमची तब्येत कशी आहे, डोळ्यांत थेंब ठरल्याप्रमाणे चार वेळा पडतात की आठवण होईल तेव्हा, आणि संध्याकाळी फाटकापर्यंत तरी चालणं होतं का, ते कळवावं. इकडे सगळं ठीक आहे. तुमची मुलगी बरी आहे, तिच्या परवानगीने मीही बरा आहे, आणि गाडी तर इतकी बरी आहे की तिच्याबद्दल सविस्तर लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

आधी एक व्यवस्था सांगतो. हे पत्र आई तुम्हाला वाचून दाखवणार, हे मी धरूनच चाललो आहे. तेव्हा आईंना विनंती, की कंसातला मजकूर त्यांनी मनातल्या मनात वाचावा. तो खास त्यांच्यासाठी आहे. एकवीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासतोय, कंस कशासाठी असतो ते मला कोणी सांगायला नको. (आई, वरचा कंस मोठ्याने वाचून झाला असेल तर असू द्या. इथून पुढे मात्र पाळा.) फोनच का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही ‘हं’ म्हणता आणि ठेवून देता. मागच्या वेळी तर मी तब्येत विचारतोय आणि तुम्ही मधेच मला विचारलंत, गंजलेला नट कसा सोडवतात. मी म्हटलं, तेल सोडायचं, थोडं थांबायचं, ओढाताण करायची नाही. त्यावर तुम्ही ‘हं’ म्हणालात आणि फोन ठेवलात. पत्राला असं करता येत नाही, निदान आई समोर बसलेल्या असताना.

मागच्या महिन्यात तुम्ही आईंकडून निरोप पाठवलात, की आमच्याकडे राहायला येणार नाही. ज्या गाडीचं स्टिअरिंग बारा वर्षं आपल्या हातात होतं, तिच्यात शेजारच्या सीटवर सामान होऊन बसायचं नाही. तुमच्या मुलीने निरोप ऐकला, ‘बरं’ म्हणाली, आणि तुमच्यासाठी रिकाम्या केलेल्या खोलीत इस्त्रीचं टेबल परत नेऊन ठेवलं. मी त्या विषयात पडलो नाही, आणि या पत्रातही पडणार नाही. हे पत्र फक्त गाडीबद्दल आहे.

तर झालं असं, की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून मोफत तपासणीचा निरोप आला. मोफत या शब्दाला मी अजून भुलतो, हे तुम्हाला माहीत आहेच. तिथे काचेच्या भिंतीआड एक गार खोली आहे, माशांची पेटी आहे, आणि कॉफीचं यंत्र आहे, ज्यातून आधी कॉफी येते आणि मग पेला. (माझ्या पँटवरचे डाग पाण्याने निघाले नाहीत, अजून आहेत.) तासाभराने पांढऱ्या शर्टातले सल्लागार आले, माझ्या शेजारी टेकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, ‘सर, सोबत कोणी आहे का?’ मला वाटलं गाडी गेली. तर त्यांनी यादी पुढे केली. चौदा कामं. काही लाल, काही पिवळी. कामांच्या खाली हिरवी खूण एकाच गोष्टीला होती, हॉर्नला. हॉर्न उत्तम आहे, म्हणाले.

मी यादी घडी करून घरी आणली, स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरली आणि लाल पेन्सिल घेऊन बसलो. चौदाच्या चौदा कामं त्यांच्याकडून करून घ्यावीत, तर वर्षभर आम्ही गाडी फक्त खिडकीतून बघायची. सगळी मीच करावीत, तर वर्षभर शेजारपाजारचे लोक आम्हाला खिडकीतून बघणार. कोणतं काम कोणाचं, हे ठरवायचं कसं? तासभर माझी पेन्सिल नुसतीच हवेत. ही भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, ‘जे चुकलं तर गाडी सुरूच होणार नाही, ते तू कर. जे चुकलं तर गाडी थांबणारच नाही, ते त्यांना करू दे.’

बाबा, एकवीस वर्षांत इतकं बिनचूक वाक्य माझ्या टेबलावर आलेलं नाही. मी तसं म्हटलं, तर म्हणाली, माझं नाही ते, बाबांचं आहे. लहानपणी ती तुमचा डबा घेऊन पाणीपुरवठ्याच्या पंपघरात यायची, तेव्हा तुम्ही नव्या माणसाला सांगत असायचात, की पाणी आलं नाही तर लोक शिव्या देतील, त्या खायच्या. पण पाणी थांबलं नाही तर शिव्या द्यायलाही कोणी उरणार नाही, ती चावी मला विचारल्याशिवाय फिरवायची नाही. तुमच्या त्या एका वाक्यावर आमची यादी पाच मिनिटांत सुटली. ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, चाकांचं अलाइनमेंट आणि हँडब्रेकची तार ही चार कामं त्यांची. दोन एअर फिल्टर, वायपर, बॅटरीची टोकं साफ करणं, हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा आणि नंबर प्लेटचा बल्ब ही सहा माझी. राहिली इंजिन आतून धुणं, एसीत सुगंध सोडणं आणि गाडीला खालून कसलासा लेप देणं. त्यांच्याबद्दल मी सल्लागारांना फोनवर एवढंच विचारलं, की हे केलं नाही तर काय होईल? त्यांनी बहुधा आजूबाजूला कोणी आहे का ते पाहिलं, आणि म्हणाले, ‘तसं काही होत नाही, सर.’ माणूस सज्जन आहे. ब्रेकचं काम झाल्यावर न मागता जुने पॅड पिशवीत घालून आणून दाखवले. ते झिजून कागदाएवढे उरले होते. त्या पॅडवर मी हिला रोज ऑफिसला सोडत होतो. तेव्हा मी त्यांचे मनापासून आभार मानले, आणि त्या यादीवर उगाच जळफळलो याची लाज वाटली.

आता माझ्या सहा कामांकडे वळतो. ती सगळी व्यवस्थित पार पडली. (आई, पार पडली हे खरं. व्यवस्थित हा शब्द मुद्रणदोष समजावा. जुना वायपर काढला आणि नवा आणायला आत गेलो, तेवढ्यात तो लोखंडी दांडा आपणहून उठला आणि काचेवर आदळला. काचेवर पूर्णविरामाएवढा टवका उडाला आहे. आता वायपर काढताना मी खाली उशी ठेवतो. उशी हिची असते.) आतल्या हवेचा फिल्टर शेजारच्या सीटसमोरच्या कप्प्याच्या मागे असतो. तो कसा बदलायचा ते दाखवणाऱ्याचा व्हिडिओ मी पाहिला. त्याने तो कप्पा अडीच मिनिटांत काढला, मला पावणेतीन तास लागले. फिल्टर बसवला, सगळं जुळवलं, आणि पंखा लावताच डॅशबोर्ड शीळ घालायला लागला. फिल्टरवर बाण छापलेला असतो, हवा कुठून कुठे जाते ते सांगणारा. दुसऱ्यांच्या पुस्तकातलं टिंबही माझ्या नजरेतून सुटत नाही, आणि हा बोटाएवढा बाण मी उलटा बसवला होता. परत सगळं उघडलं, सुलट केलं, बंद केलं, आणि दोन स्क्रू उरले. मी घाबरलो नाही. तुमच्या अवजारांच्या पेटीत असे उरलेले स्क्रू ठेवायचा एक डबा आहे आणि तो काठोकाठ भरलेला आहे. तो पाहून मला फार धीर आला.

बॅटरीला मात्र दहा नंबरचा पाना लागतो. इथे मला थोडं जुनं उकरावं लागणार. चार वर्षांपूर्वी सायकलची सीट घट्ट करायला मी तुमच्याकडून दहाचा पाना मागून नेला आणि त्याच संध्याकाळी परत केला. परत केला, हे मी तेव्हापासून सांगतो आहे. तुम्ही कधी भांडला नाहीत. फक्त घरात एखादी वस्तू सापडेनाशी झाली की ‘जावयाला विचारा’ एवढंच म्हणता, आणि गाडीबरोबर पेटी दिलीत तेव्हा आठ आणि बाराच्या मधल्या मोकळ्या खाचेवर बोट ठेवून नुसतं माझ्याकडे पाहिलंत. तर तो पाना नसल्यामुळे मला खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यांकडे जावं लागलं. पाना त्यांच्याकडे निघाला. (तो ते कशासाठी वापरतात हे मी विचारलं नाही. आमची दातांची कामं मात्र आता दुसरीकडे.)

अशी तेरा कामं मार्गी लागली. चौदावं राहिलं. डावीकडे वळताना मागून ‘टक्’ असा आवाज येतो. सल्लागारांच्या यादीत ते सगळ्यात लाल होतं. मागचा भाग उघडून पाहावा लागेल, दोन दिवस गाडी ठेवावी लागेल, कारण काय निघेल ते सांगता येत नाही. मी म्हटलं, उघडू नका. आवाज ओळखणारा माणूस आमच्या घरात आहे. तेहतीस वर्षं पंपांच्या आवाजात काढली आहेत त्यांनी. लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावून चालू मोटरचं कुठलं बेअरिंग बोलतंय ते सांगायचे. सल्लागार म्हणाले, मग त्यांनाच दाखवा, आमच्याकडे आता असं कोणी राहिलेलं नाही. ते अजिबात चेष्टेने म्हणाले नाहीत.

तो आवाज मला अजून सापडलेला नाही. (आई, हा कंस मात्र अगदी ओठ मिटून वाचा. आवाज सापडला आहे. परवा छापखान्यामागच्या मोकळ्या मैदानात हिला गाडी चालवायला बसवली आणि मी मागच्या सीटवर पालथा पडून बाबांच्या स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली. ही डावीकडे गोल गोल फिरवत राहिली. मला ओकारी आली, पण जागाही कळली. डिकीत, स्टेपनीच्या खाली. स्टेपनी उचलली, तर खाली दहा नंबरचा पाना. हिरव्या टेपची पट्टी गुंडाळलेला, म्हणजे बाबांचाच. आणि स्टेपनी तर मी आयुष्यात कधी उचललेली नाही, हे बाबा स्वतः सगळ्या नातेवाइकांना सांगत आलेले आहेत. चार वर्षांनी मी निर्दोष सुटलो होतो. हातात घेऊन पाच मिनिटं उभा राहिलो. मग होता तिथे परत ठेवला आणि वर स्टेपनी बसवली. घरी येऊन हिने इस्त्रीचं टेबल त्या खोलीतून बाहेर काढलं.)

थोडं गंभीर लिहितो. गाडी देताना तुम्ही चावी माझ्या हातात ठेवलीत आणि म्हणालात, उघडून बघायला भ्यायचं नाही. साधा बल्ब बदलायला माणूस बोलावणारा मी. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे पाना कसा धरतात, घाई कुठे करायची नाही, हात कुठे घालायचा नाही, हे मला कोणी दाखवलेलं नव्हतं. ते या दहा महिन्यांत तुमच्या पेटीने दाखवलं. प्रत्येक अवजाराची मूठ तुमच्या हाताने झिजून तयार आहे, माझा हात बरोबर तिथेच जातो. ब्रेकच्या कामाला मी हात लावला नाही, तोही तुमच्याच शब्दाखातर, आणि म्हणून तुमची मुलगी रोज धडधाकट घरी येते. याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत, कारण तुम्ही ‘हं’ म्हणाला असतात. आता मानतो.

आईंना नमस्कार. पत्र लांबलं, त्यांचा घसा दुखला असेल, तर थोडं कोमट पाणी घ्यावं.

तुमचा,
जावई

ता.क. बॅटरी काढल्यापासून रेडिओ बंद आहे आणि चार आकडे मागतो. ते तुम्हाला पाठ असणार. कळवावे. पत्र लिहिण्याचं खरं कारण हेच.

ता.क. २. वरचं कारण खरं नाही. येत्या रविवारी सकाळी दहाला मी गाडी घेऊन तुमच्या फाटकाशी येतो. शेजारची सीट सामानासाठी नाही. डाव्या वळणाला आवाज तिथून सगळ्यात स्पष्ट ऐकू येतो, मी हिला तिथे बसवून खात्री करून घेतली आहे. त्याला डोळे लागत नाहीत, तुमचे कान लागतात. बॅग भरून तयार राहावे, कारण आवाज एका दिवसात सापडेल असं मला वाटत नाही.

ता.क. ३. मागच्या पत्रात मी कंसात आईंना लिहिलं होतं, की बाबांचा स्वभाव अलीकडे गंजलेल्या नटासारखा झाला आहे. चौथ्या दिवशी तुम्ही फोनवर मला गंजलेल्या नटाबद्दल विचारलंत. तेव्हाच मला कळलं, की आई कंससुद्धा मोठ्याने वाचतात. म्हणजे पाना कुठे आहे, ते तुम्ही आता ऐकलेलंच आहे. तरी या. तो तुमच्याच हाताने बाहेर निघायला हवा. मी काढून दाखवला, तर तुम्ही म्हणाल यानेच तिथे ठेवला होता.