गोड मिरचीचं बी

गोर्नी व्रबेश,
ता. १७ सप्टेंबर १९७२

मिरच्या तिखट निघाल्या. कुंपणापासून विहिरीपर्यंत झाडून सगळ्या. दिसायला नेहमीसारख्याच, लाल, जाड सालीच्या, आणि आत विस्तव. हिवाळ्याची चटणी, आयवार, करायचा म्हणून गल्लीतल्या बायका भाजायला-सोलायला अंगणात बसवल्या होत्या. सोलता सोलता त्यांच्या बोटांची आग झाली. ताकात हात बुडवून बसल्या आणि वर मलाच विचारतात की स्तामेना, यंदा आयवार करतेस का कुणाचा सूड उगवतेस. पाद्रीबाबांनी बोटभर चाखला आणि आशीर्वाद न देताच घराबाहेर पडले. माझ्या सासूच्या वेळेपासून लोक चार गावं ओलांडून या परड्यातली गोड मिरची न्यायला येतात. आता मला बघून हसायला येतात.

ते झालं. आता रीत पाळते. चि. सौ. नेवेना हिला सासूचे आशीर्वाद. 'सौ.' लिहिताना हात अडला, पण व्लास्ताने जर्मनीहून सोडचिठ्ठीचे कागद अजून धाडलेले नाहीत, तोवर राहू दे.

त्याला तिकडे दुसरी मिळाली हे कळलं त्याच दिवशी मी तुझी ट्रंक गाडीत चढवली. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. चूक एवढीच झाली की ट्रंक उघडून बघितली नाही. घरच्या मिरचीच्या बियांची पिशवी तू नेलीस आणि माझ्यासाठी हा जाळ ठेवलास. पिशवी पाठव. टपालाने नको, फुटते. बसचा कंडक्टर तोझा आठवड्याला तुमच्या गावावरून जातो, त्याच्या हातात दे.

माझी नात यागोदा बरी आहे. सोलायला बसली होती, तोच हात डोळ्याला लावला. दोन दिवस डोळा मिटलेला होता. रडली, पण तुझं नाव काढलं नाही.

बापाला नमस्कार सांग. लोभ होता तेवढाच आहे, वाढवायला जाऊ नकोस.

स्तामेना


सूवी लुग,
ता. ८ ऑक्टोबर १९७२

ती. आईंना,
नेवेनाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. यागोदाचा डोळा आता कसा आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. थंड दुधात भिजवलेलं फडकं ठेवलं असेल ना?

तिखट मी ठेवलेलं नाही. मागच्या साली तुमच्या भावाला राकियाच्या घोटाबरोबर चावायला हवी म्हणून तुम्ही तिखट मिरचीची ओळ गोड मिरचीला लागूनच लावलीत. मी तेव्हाच म्हटलं होतं की माश्या या फुलावरच्या त्या फुलावर बसणार, बी बिघडेल. तुम्ही म्हणालात की जिच्या बापाच्या परड्यात फक्त तण उगवतं तिने मला शिकवू नये. त्या साली मिरची खायला गोडच लागली, कारण बिघाड फळात नव्हता, बियांत होता. तेच बी तुम्ही धरलंत आणि यंदा पेरलंत.

माझ्या पिशवीतलं बी त्याच्या आधीच्या सालचं आहे, चोख आहे. आणि ते मी चोरलेलं नाही. लग्नाच्या दिवशी उंबरठ्यावर तुम्हीच घरचं बी माझ्या ओच्यात ओतलंत आणि सगळ्यांदेखत म्हणालात, की आजपासून बी हिचं, मी सुटले. तुमच्या सासूने तुमच्या ओच्यात ओतलं होतं तसंच. माझ्या ट्रंकेत तेवढं एकच माझं होतं. दुसरं जे माझं होतं त्याचा हात तुम्ही दारात घट्ट धरून ठेवला होता.

आई, मला भांडायचं नाही. यागोदाला पाठवा. ती आली की पिशवी त्याच बसने तुमच्याकडे येईल.

बाबांचा नमस्कार. राग नसावा, असल्यास पोरीवर काढू नये.

आपली,
नेवेना


गोर्नी व्रबेश,
ता. १९ नोव्हेंबर १९७२

चि. नेवेना हिला आशीर्वाद. 'सौ.' गळलं ते बघितलंस ना? कागद आले.

पोर घरची आहे, घरातच राहील. आपल्याकडे सून जाते, नात जात नाही. तुझ्या बापाला विचार, त्याच्या आईने सुनेला घालवून नात कशी ठेवून घेतली होती.

इंगे नावाची आहे व्लास्ताची ती. फोटो पाठवलाय. दात मोठे आहेत, पण दंड बरे दिसतात, पाण्याच्या बादल्या उचलील. ईस्टरला दोघं येणार आहेत. तिच्या ओच्यात उंबरठ्यावर बी ओतायचं आहे आणि घरात चोख बी नाही, हे मी कुणाला सांगू? सगळी गल्ली बघायला उभी राहणार. आपल्या मिरचीचं नाव माझ्या हातून बुडालं असं म्हणतील. माझ्या सासूने मला उपाशी ठेवलं, मारलं, पण बी चोख दिलं.

यागोदाला मी फोटो दाखवला. पहिल्यांदा तोंड फिरवलं. जेवण थांबवलं तशी तिला 'आई' म्हणायला लागली. पोरं लवकर शिकतात.

संध्याकाळी फाटकावर जाऊन उभी राहायची. आधी मी काही बोलत नसे. पण मग थंडी पडली, बोलवूनही आत येईना, म्हणून एकदा सांगून टाकलं की तुझ्या आईला ट्रंकेत एकच काहीतरी नेता येत होतं, तिने बी नेलं. तेव्हापासून फाटकावर जात नाही. मलाही दार सारखं उघडावं लागत नाही, चुलीचं लाकूड वाचतं.

तू बी धाड, मग बघू. सणाला चार दिवस पाठवीन, ईस्टरच्या आधी परत हवी. याहून जास्त मी घासाघीस करत नाही.

लोभाचं तुझ्याकडे काय उरलंय ते तू बघ.

स्तामेना


सूवी लुग,
ता. ११ फेब्रुवारी १९७३

ती. आईंना,
सा. न. वि. वि.

यागोदा काल पोचली. तोझाने तिला बसमधून उचलून खाली ठेवलं. मी हात पुढे केले तर ती त्याच्या पिशवीमागे लपली. डोक्यात उवा आहेत, बुटाला तळ नाही. जेवताना ताटाकडे बघून आधी विचारते की काय म्हणू म्हणजे जेवायला मिळेल.

रात्री तिने मला विचारलं की बी कुठे आहे, मला बघायचंय. मी पिशवी उघडून दाखवली. एक बी उचलून तिने खूप वेळ पाहिलं आणि म्हणाली की हे तर एवढंसं आहे.

तुम्ही म्हणालात तसं बी मी आधी धाडलं नाही; पेरणी तोंडावर आली तशी तुम्हीच पोर आधी पाठवलीत, आता बी धाडते आहे. तोझा परतीच्या फेरीला घेऊन येईल. नीट वाळवलंय, ओल अजिबात नाही. लिदीचा वाफा तापला की पेरा, वाफ्यावरची काच रात्री झाका. हे तुम्हीच मला शिकवलंत, पुन्हा सांगते म्हणून रागावू नये.

तुमची तब्येत जपा. पेरणीला तुमच्याजवळ आता कुणी नाही.

आपली,
नेवेना


गोर्नी व्रबेश,
ता. १५ एप्रिल १९७३

नेवेना,

एकही उगवलं नाही. आधी थंडीला दोष दिला. मग लीद बदलली, काच धुतली, शेजारणीने दृष्ट लावली म्हणून तिच्या अंगावर धावून गेले. उरलेल्यातलं अर्धं पुन्हा पेरलं. वाफ्यात तण आलं, एक टोमॅटो कुठूनसा आला, मिरची नाही. परवा पिशवीतलं एक बी दाताखाली धरलं. कुरकुरलं. शेंगदाणा फुटावा तसं.

भाजलंस. बी चुलीजवळ ठेवलं तर आतून मरतं, वरून तसंच दिसतं, हे या घरात तुला मी शिकवलं, तेही थोबाडीत मारून, कारण पहिल्याच वर्षी तू पिशवी चुलीच्या वरच्या फळीवर ठेवली होतीस. लक्षात ठेवलंस. माझी मुलगी असतीस तर पाठ थोपटली असती.

तोझा सांगत होता की तुझ्या बापाच्या खिडकीत मिरचीची रोपं वीतभर झाली आहेत आणि यागोदा त्यांना चमच्याने पाणी घालते. म्हणजे चोख बी आहे. पोरही तिथेच आहे. चार दिवसांची बोली होती, दोन महिने झाले. मी व्लास्ताला लिहिलं की जाऊन पोरीला घेऊन ये. त्याचं उत्तर आलं की आई, राहू दे तिकडेच, इंगेला लहान मूल घरात नको आहे. असा मुलगा मी वाढवला. ते पत्र मी चुलीत घातलं, म्हणजे तुझ्या हाती लागायला नको. आता स्वतःच लिहून बसले.

दोन आठवड्यांत इंगे उंबरठ्यावर येईल, ओचा पसरील, आणि गल्ली बघत असेल. भाजकं बी ओतीन. तिला काय कळणार आहे. कळायचं ते मला कळेल, आणि ऑगस्टात सगळ्यांना.

मी भीक मागत नाही. मला एकच हवंय. बी भाजलं तेव्हा यागोदा चुलीपाशी होती का, तिने बघितलं का, हे मला कळायला हवं. तिला अक्षरं येतात, मीच कोळशाने गिरवून घेतली आहेत. 'हो' लिहिलं तर तिने तुला दगा दिला. 'नाही' लिहिलं तर ती माझ्याशी खोटं बोलली. काहीही लिहिलं तरी कुणावर गेली ते मला समजेल, आणि पुढे प्रत्येक सणाला मी तिला त्याची आठवण करून देईन, बस जाते तोवर आणि तोझा आहे तोवर.

तिला माझे आशीर्वाद. तुला नाहीत.

उत्तर यागोदानेच लिहायचं, स्वतःच्या हाताने, तू शेजारी न बसता. तुझं अक्षर दिसलं तर पाकीट फोडणार नाही. तुझ्या शब्दावर मी आता मुळासुद्धा पेरणार नाही.

स्तामेना