नात्याचा रकाना

तीर्थस्वरूप आक्कास,

साष्टांग नमस्कार. (एरवी आपण हे लिहायचं म्हणून लिहितो. या खेपेला मी खरोखरच आडवा पडलो आहे असं समज, आणि पत्र संपेपर्यंत 'ऊठ' म्हणू नकोस.) आम्ही सारे सुखरूप आहोत, निदान अंगानं तरी. तुझा रक्तदाब काय म्हणतो म्हणून विचारायचं होतं. सकाळची गोळी घेतली नसशील तर आधी घे आणि मग पुढचं वाच. घेतली असशील तर आणखी अर्धी चालते का ते डॉक्टरांना विचारून ठेव.

कारण असं, की आपल्या धाकटीनं लग्न केलं. तिकडेच, नोकरीच्या गावी, गेल्या वर्षी. मुलगा परदेशी आहे. लिहून टाकलं एकदाचं. तू डोळ्यांच्या डॉक्टरांच्या घरचं स्थळ घेऊन पुन्हा पुन्हा फोन करत होतीस आणि दर वेळी मी "मुलगी अजून मनावर घेत नाही" म्हणत होतो, तेव्हा मुलगी मनावर घेऊन केव्हाच मोकळी झालेली होती. तुला सांगायची हिंमत झाली नाही. लहानपणी आईच्या माराला मी कधी भ्यालो नाही, पण तू नुसतं "बरं" म्हणालीस की भितो. आजही फोन न करता पत्र लिहितो आहे ते त्याचसाठी. पत्रात तुला मधेच "बरं" म्हणता येत नाही.

तर दोघं इथे आली आहेत, आणि आता इथेच, आमच्याजवळ राहायचं म्हणतात. त्याचं नाव माझ्या जिभेला वळत नाही म्हणून घरात त्याला आम्ही पाहुणा म्हणतो. पाहुणा इस्पितळात नर्स आहे. (हो, पुरुष असून. मीही आ वासला होता.) उंची अशी की मोरीच्या चौकटीवर त्याचं कपाळ रोज नेमानं आपटतं, आणि आपटलं की तो चौकटीचीच माफी मागतो. आल्या दिवशी मला लंगडताना पाहिलं आणि पिशव्यासुद्धा न उघडता माझा गुडघा हातात घेऊन बसला. तेव्हापासून रोज संध्याकाळी तेलाची बाटली घेऊन हजर. आता मी कठड्याला न धरता जिना उतरतो. अशा माणसाचं मी काय केलं ते ऐक.

परक्या देशाचा माणूस घरी मुक्कामाला आला, की तो कुठे उतरला आहे हे घरमालकानं लगोलग परदेशी नागरिकांच्या कचेरीला कळवायचं असतं. अर्ज साधाच. नाव, पासपोर्ट, पत्ता, आला कधी, जाणार कधी. पण तळाशी एक रकाना होता, 'घरमालकाशी नातं', आणि तिथे माझं पेन अडलं. त्या कचेरीत आमच्या शेजारच्या विमेवाल्याचा मेहुणा कारकून आहे, आणि विमेवाल्याच्या बायकोचं माहेर तुझ्याच गल्लीत. नातं लिहिलं असतं तर ते सरकारच्या आधी तुझ्यापर्यंत पोचलं असतं. ही म्हणाली, सोडा रिकामा. आता तूच सांग, मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत हेडक्लार्क म्हणून उभा जन्म काढला. एक रकाना रिकामा दिसला की म्हाताऱ्याकोताऱ्यांनासुद्धा अर्जासकट जिना उतरायला लावलं. माझ्या हातून रिकामा रकाना जाईल? मी लिहिलं, 'नातं नाही. पेइंग गेस्ट.' आणि खाली ठसठशीत सही ठोकली, तारखेसकट.

दोन दिवस मी स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. मग कचेरीतल्या बाई दारात उभ्या. वयानं धाकटीएवढ्याच, पण नजर थेट तुझी. भाड्यानं माणूस ठेवायचा तर त्याला स्वतंत्र खोली आहे का, हे पाहायला आल्या होत्या. आता पाहुणा झोपतो बाहेरच्या खोलीत सतरंजीवर, कारण नातेवाइकांना कळेपर्यंत दोघांनी एका खोलीत राहणं बरं दिसत नाही, असा निवाडा मीच दिला होता. (लग्न झालेल्या जोडप्याला. तू हसू नकोस, ही हसते आहे तेवढं पुरे आहे.) सतरंजी दाखवणं शक्य नव्हतं, म्हणून मी धाकटीची खोली उघडून दिली आणि ही त्याची म्हणून सांगितलं. बाईंनी उशाशी केसांच्या पिना पाहिल्या, दाराआड लेडीज चपला पाहिल्या, आणि विचारलं, मुलगी कुठे झोपते? मी म्हणालो, याच खोलीत. मग पेइंग गेस्ट? तोही, म्हणालो. (एका खोलीत दोन थापा मावत नाहीत हे मला तेव्हा कळलं.)

त्यानंतर बाईंनी मला जे फैलावर घेतलं, तसं नोकरीत कुणी घेतलं नव्हतं. "काका, पोटच्या मुलीच्या खोलीत परका पुरुष भाड्यानं ठेवता? काही वाटत नाही तुम्हाला?" आक्का, मी घराण्याची लाज राखायला निघालो होतो गं. तेवढ्यात पाहुणा कपाळ चोळत आतून आला आणि त्याला येणाऱ्या चार शब्दांपैकी दोन शब्द माझ्याकडे बघून मोठ्या आनंदानं म्हणाला, "बाबा, चहा?" बाई माझ्याकडे पाहू लागल्या. मी म्हणालो, त्यांच्यात सगळ्यांनाच असं म्हणतात. धाकटी स्वयंपाकघराच्या तोंडाशी उभी होती. कपाटातून लग्नाचा दाखला काढून तिनं बाईंच्या पुढ्यात ठेवला, आणि मग त्याच्या भाषेत त्याला सगळं समजावून सांगितलं. ते ऐकताना त्याचा चेहरा कसा झाला ते मला माहीत नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो.

बाईंनी एकदा दाखला वाचला, एकदा माझा अर्ज. म्हणाल्या, मुलीचा बापच सहीनिशी नातं नाही म्हणतो, तर हे लग्न निव्वळ कागदापुरतं आहे असंच कचेरी धरणार. दाखल्याबरोबर धाकटीनं दिलेला त्याचा इथे राहण्याचा अर्ज त्यांनी बाजूला काढून ठेवला आहे. मुदत महिनाअखेरपर्यंतची. तोवर निस्तरलं नाही तर त्याला परत जावं लागेल. बाई गेल्यावर धाकटी अगदी शांतपणे म्हणाली, "तो गेला तर मीही जाणार, बाबा. आणि पुन्हा कधी आले तर माझंही नाव पेइंग गेस्ट म्हणूनच घाला."

पाहुणा रागावला असता तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वयंपाकघरात येण्याआधी टकटक केली. आमच्या स्वयंपाकघराला दार नाही, तुला माहीत आहे. त्यानं भिंतीवर टकटक केली. आदल्या दिवसापर्यंत तिथे हिच्या शेजारी उभा राहून भांडी घासत होता. संध्याकाळी तेल घेऊन आला, पण खाली बसेना. परवानगीची वाट बघत उभा. मी गुडघा पुढे केला. तो चोळत होता आणि मला गुडघा सोडून सगळीकडे दुखत होतं. आक्का, मला माझी फार लाज वाटते. चारचौघांत शोभा झाली म्हणून नाही. चारचौघांना भिऊन मी घरात आलेल्या पोराला दाराबाहेर काढलं म्हणून. रात्री जेवण गेलं नाही, आणि ही वाढायला पुन्हा आलीही नाही.

मी कचेरीत जाऊन दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. रकान्यात स्वच्छ अक्षरात 'मुलीचा नवरा' असं लिहिलं. (विमेवाल्याचा मेहुणा शेजारच्या टेबलावरून मान वाकडी करून वाचत होता. म्हणून हे पत्र एवढ्या घाईनं. माझा कबुलीजबाब त्याच्या आधी पोचला तर बरं.)

तिकडच्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मला तुला जे योग्य वाटेल ते.

तुझा धाकटा, आणि अपराधी, भाऊ

ता. क. — नुसत्या दुरुस्तीनं भागत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं कचेरीत समक्ष येऊन, हे लग्न खरं आहे आणि घराला मान्य आहे, असं सांगायचं आहे. येत्या मंगळवारी सकाळी. तुझं नाव मी देऊन आलो आहे. तुला न विचारता दिलं, कारण विचारण्यासाठी आधी सांगावं लागलं असतं.

ता. क. २ — डोळ्यांच्या डॉक्टरांची माझ्या वतीनं माफी माग. मात्र माझा मोतीबिंदू पुढच्या महिन्यात तेच काढणार आहेत, तेव्हा तोवर थांबलीस तरी चालेल.

ता. क. ३ — पाकीट चिकटवण्याआधी पत्र हिला वाचायला दिलं. वाचून म्हणाली, "अर्जात 'मुलीचा नवरा', पत्रात 'पाहुणा'. तो तिचा कोण ते लिहिलंत. आपला कोण ते कुठेच नाही." मी पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं. खरंच नाही. आक्का, मंगळवारी परस्पर कचेरीत जाऊ नकोस. सोमवारीच घरी ये. आमचा जावई आला आहे.