माती तापवण्याचा उद्योग

ती. ताईस,

सादर नमस्कार. तुझे गुडघे आता जिना चढू देत असतील अशी आशा करतो. भाऊजींनाही नमस्कार सांग. इकडे देवाच्या कृपेने सगळे ठीक आहेत, फक्त बाबा माझ्याशी बोलत नाहीत. मी अंगण कोंडून मारलं, असं त्यांनी तुला फोनवर सांगितलं म्हणे. तेव्हा माझी बाजूही तुझ्या कानावर घालतो.

मागच्या दारची टोमॅटोची रोपं यंदाही फळ धरायच्या आत माना टाकू लागली. बियाण्यांचा दुकानदार म्हणाला, रोग रोपात नाही, मातीत आहे. माती ओली करून प्लास्टिकने झाका, कडक उन्हात आतल्या आत तापून निवळेल. मला हे फार पटलं. (औषधावाचून, निव्वळ उन्हाने रोग जावा यात मला देवाचा हात दिसला. तुझ्या भावजयीला माझा चिकटपणा दिसला.) काळं जास्त तापतं एवढं शाळेतलं आठवत होतं, म्हणून आधी प्लास्टिकचा काळा कागद अंथरला. तो असा तापला की माझा हात पोळला, पण खालची माती कोमटच. सगळं ऊन त्याने वरच्या वर खाल्लं. मग आमच्या कारखान्यात गाद्यांना गुंडाळतात तो पारदर्शक कागद मागून आणला आणि त्याच्या कडा मातीत पुरल्या. आता ऊन आरपार जाऊन मातीत मुरू लागलं आणि ऊब बाहेर पडेना. कागदाला आतून घाम फुटला. मी समाधानाने हात जोडले.

तर रोज सकाळी कागदाला एक नवं भोक. मी चिकटपट्टी लावायची, दुसऱ्या दिवशी तिच्याशेजारी दुसरं. मी शेजारणीच्या मांजराला नको ते बोललो, शेजारीण मला नको ते बोलली. (मांजराने तेवढं मन मोठं ठेवलं.) शेवटी परवा पहाटे बाबाच सापडले, हातात नखं कापायची कात्री. मी त्यांना ऊन, ऊब, रोग सगळं बैजवार समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ऊन आत जातं ते मलाही दिसतं रे," ते म्हणाले. "तुझी आई शेवटी खिडकी उघडा म्हणत होती. डॉक्टर म्हणाले वारा नको. आपण तिला काचेतूनच ऊन दाखवलं."

तेव्हापासून ते ताटही खोलीतच मागवतात. माती म्हणजे आई नव्हे, हे मला कळतं आणि त्यांनाही कळतं. पण आत्ता कागद काढला तर सगळी मेहनत पाण्यात जाईल. तुझं ते ऐकतात. तूच त्यांना दोन शब्द समजावून सांग, एवढ्यासाठी हे पत्र.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र खिशातच राहिलं. आज दुपारी मी कागद काढला. माती तापलेल्या कपाळासारखी लागली. रोग बहुधा आहे तिथेच आहे.

आणखी एक. कागद तुझ्या सांगण्यावरून काढला, असं बाबांना फोनवर सांग. मला चांगलं रागावलीस असंही सांग. मी आपणहून काढला हे कळलं तर ते माझ्याजवळ येऊन बसतील आणि आईबद्दल बोलतील. ताई, ते मला अजून जमायचं नाही.