नाव नसलेलं कार्ड

सौंसर,
शुक्रवार

प्रिय पंचफुला,

पत्र पाहून तुला वाटेल, उषाला झालं तरी काय, सौंसरात बसून पांढुर्ण्याला पत्र लिहून राहिली. फोन का केला नाही ते पुढे येईलच. हेमराजभाऊ हे पत्र फक्त तुझ्याच हातात देतील. ते आमच्या दुकानातले जुने शिंपी, साड्यांना फॉल-पिको करतात. त्यांना चहा दे आणि हे मागे विहिरीकडे जाऊन एकटीच वाच. तुझा फोन घरात राहू दे.

तुझी चंचल बी.एड.ला इथे आली, तेव्हा तू म्हणाली होतीस की खोली कुठेही घेऊ दे, पोरगी तुझ्या भरवशावर आहे. आणि ती होतीच गं. कॉलेज सुटलं की दुकानात यायची, गादीवर चढून गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवायची. तुझ्यासारखीच, हसू आलं की तोंडाला पदर लावणारी, फक्त हिची ओढणी. मग प्रफुल्लशी साखरपुडा झाला. नागपूरची नोकरी, घरचा संत्र्याचा बगीचा, वागायला नम्र. भिवाजीभाऊ तर सगळ्यांना सांगत सुटले की जावयानं चंचलला फोन दिला, सासूलाही दिला, आणि पोरीच्या खर्चाला वरून पैसे भरलेलं एक कार्ड दिलं. आता तिला काही पाठवू नका, तिचं सगळं माझ्याकडे, असं तो म्हणाला आणि भाऊंनी ते खरंच थांबवलं. तेव्हा मलाही त्यात कौतुकच वाटलं होतं.

ते कार्ड तिनं पहिल्यांदा आमच्यासमोर ठेवलं तेव्हा यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. आकडे होते, नाव नव्हतं. तुला माहीत आहे, रवींद्र किती जपून चालणारा माणूस. म्हणाले, "यावर नाव कोणाचंच नाही बेटा. उद्या कोणी म्हटलं माझं हरवलेलं आहे, तर मी काय सांगू?" दुकानात गर्दी होती. पोरीचा चेहरा उतरला. ड्रेसपीस तसाच ठेवून ती निघून गेली. आणि ती रस्ता ओलांडते न ओलांडते तोच दुकानाचा फोन वाजला. प्रफुल्ल. अगदी गोड आवाजात म्हणाला, काकाजी, चंचल इतका वेळ तुमच्या दुकानात बसली आणि काहीच न घेता निघाली, काही अडचण झाली काय? नाव नसलं म्हणून कार्ड नाकारता येत नाही, बँकेत विचारून घ्या.

यांनी विचारलंही. ज्या पोरानं आमच्याकडे कार्डाचं मशीन बसवलं, तो म्हणाला की अशी आधी पैसे भरून दिलेली कार्डं पुष्कळदा बिननावाचीच असतात, पिन बरोबर पडला की झालं, तुम्हाला काय करायचं. नियम काय आहे ते मी काही शिकलेली नाही. आम्ही कार्ड घ्यायला लागलो एवढं खरं. पण तिथं ती किती वेळ बसली हे त्याला कसं कळलं, हे त्या दिवशी आम्ही दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

मग दर वेळी तेच. मशीनमधून पावती निघायची, की तिचा फोन वाजायचा. काय घेतलं, रंग कोणता, गळा केवढा, कोणासोबत गेली होतीस. तो ओरडत नसे. नुसतं विचारत असे. हळूहळू ती कपडा हातात घेण्याआधी मलाच विचारायला लागली की मावशी, त्यांना हे आवडेल काय. एकदा तिनं आतले कपडे घेतले आणि लाजून फोनवर काही बोलली नाही, तर त्यानं दुकानात फोन केला. यांनी, जावईच आहे म्हणून, भोळेपणानं सांगूनही टाकलं. चंचल त्यानंतर किती तरी दिवस दुकानाची पायरी चढली नाही.

मागच्या आठवड्यात आली ती फोन न घेता. म्हणाली, "मावशी, एक साडी घेतली असं मशीनवर कर आणि मला नगद दे. माझ्याजवळ मोहगावच्या तिकिटापुरतेही नाहीत." मी केलं. मोहगावला केतकी नावाची मुलगी आहे, प्रफुल्लचं आधी तिच्याशी लग्न जमलं होतं, ते तुम्हाला कोणी सांगितलं नाही, चंचलच्या कानावर कॉलेजात आलं. तिलाही असाच फोन आणि असंच कार्ड मिळालं होतं. तिनं एकदा मैत्रिणीसाठी औषध घेतलं, आणि ते कोणासाठी घेतलं हे तो महिनाभर विचारत राहिला. रोज, त्याच आवाजात. शेवटी तिनं जेवण सोडलं तेव्हा तिच्या बापाला कळलं. बदनामी नको म्हणून लग्न गुपचूप मोडलं. चंचलला ती म्हणाली, त्यानं मला बोटही लावलं नाही, म्हणूनच कोणाला सांगता आलं नाही.

काल प्रफुल्ल स्वतः दुकानात आला. माझ्या पाया पडला. चंचलनं घेतली तशीच साडी बहिणीला पाहिजे म्हणाला. समोर होती ती जांभळी काढून दिली. त्यानं काठ बोटात धरून पाहिला, फोटो घेतला, आणि साडी घेतलीच नाही. म्हणाला, "काकू, येत्या रविवारी पांढुर्ण्याला जाऊन राहिलो. तिला हीच नेसायला सांगतो. हीच आहे ना?" मी हो म्हटलं. तो हसला. त्याला माहीत होतं, पंचफुला. साडी नव्हतीच हे त्याला माहीत होतं.

आता ऐक, पत्र कशासाठी ते. तुझा फोनही त्यानंच सुरू करून दिलेला आहे, त्यावर बोलले असते तर त्यानं ऐकलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. ते पाहायची माझी हिंमत नाही. चंचल माझ्या घरात आहे, दुकानामागच्या आतल्या खोलीत, काल संध्याकाळपासून. तिचा फोन तिच्या खोलीवर चार्जिंगला लावलेला आहे, म्हणून ती तिथेच आहे असं त्याला वाटत असेल. पण ती फोन उचलत नाही, आणि दुपारपासून दुकानासमोर त्याची गाडी उभी आहे. काचा वर आहेत. आत तो आहे की कोणी नाही, ते दिसत नाही. आमचे हे शटर अर्धं ओढून आत बसले आहेत. भाऊंना सांग, मान-अपमानाचं नंतर पाहू, तिला प्रफुल्लशी लग्न करायचं नाही असं ती रडून नाही, सरळ सांगते आहे. दोघं आजच निघा, दोन्ही फोन घरी ठेवून, आणि मागच्या गल्लीच्या दारानं या. पोहोचण्याआधी मला काही कळवू नका. दारावर कोणीही थाप मारली तरी मी उघडणार नाही. तू दाराबाहेरून मला "उषे" म्हणून हाक मार, तशी हाक मारणारं सौंसरात दुसरं कोणी नाही.

तुझीच, दाराशी बसलेली,
उषा